तेलाचा ‘साठा’ म्हणजे किती?

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांनी एक घोषणा केली. अंदमानच्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्रात खोदलेल्या ‘श्री विजयपुरम-२’ या विहिरीत नैसर्गिक वायू आढळला होता. दोन हजार दोनशे मीटरहून खोल असलेल्या एका थराची पहिली चाचणी घेतली गेली आणि वर आलेल्या वायूत ८७ टक्के मिथेन असल्याचे दिसले. घोषणेत वापरलेला शब्द मोजून-मापून होता : वायूचा ‘आढळ’. पण बातमी गावोगावी पोचली ती ‘अंदमानला तेला-वायूचा प्रचंड साठा सापडला’ अशा रूपात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वडनेर भोलजी येथे दहावीच्या मुलांशी बोलण्याचा योग आला. मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलेले हे गाव. रस्त्यावरून दिवसरात्र टँकर धावत असतात, त्यामुळे डिझेल हा विषय मुलांना परका नाही. एका मुलाने विचारले, “सर, मंग डिझेल सस्तं होईन का आता?” आम्ही उत्तर देण्याऐवजी त्यालाच फळ्यावर तेलाच्या साठ्याचे चित्र काढायला सांगितले. त्याने जमिनीखाली एक मोठा हौद काढला, हौदात काळे तेल भरले आणि वरून एक नळी सोडली. बाकीच्या वर्गाला हे चित्र अगदी पटले. खरे सांगायचे तर शिक्षकांच्या खोलीतही ते पटले असते.

या एका चित्रातून पुढचे बहुतेक गैरसमज निघतात. हौद असला की तो कितीचा आहे ते मोजता येते, तो पूर्ण उपसता येतो आणि वापर ठाऊक असला की तो कधी संपेल तेही सांगता येते. प्रत्यक्षात यातले काहीच तसे नाही. तेलक्षेत्रात काम करणारी माणसे ‘साठा’ या आपल्या एका शब्दासाठी तीन-चार निरनिराळे शब्द वापरतात आणि त्यांच्यातला फरक कोट्यवधी टनांचा असू शकतो. ते शब्द समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी लागणारे निम्मे ज्ञान पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याजवळ आधीपासूनच असते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

दगडातले तेल

विहिरीला पाणी लागते तेव्हा खाली तळे सापडलेले नसते. वाळूच्या कणांमधल्या फटींत, मुरमात किंवा दगडाच्या भेगांत भरलेले पाणी झिरपून विहिरीत येते. तेलाचेही तसेच असते. तेल खडकात असते, खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत. एकूण आकारमानाच्या किती टक्के जागा छिद्रांनी व्यापली आहे, त्याला खडकाची सच्छिद्रता म्हणतात. पण नुसती छिद्रे असून भागत नाही. ती एकमेकांना जोडलेली हवीत, म्हणजे द्रव त्यांतून वाहू शकेल. या वाहू देण्याच्या गुणाला पार्यता म्हणतात. चिकणमातीत पाणी भरपूर धरले जाते पण वाहत नाही, म्हणजे तिची सच्छिद्रता चांगली आणि पार्यता कमी. वाळूत दोन्ही चांगल्या. काळ्या रानात पाऊस झाल्यावर चार दिवस पाय रुततो आणि नदीच्या वाळूत तासाभरात कोरडे होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या दोन शब्दांसाठी वेगळी व्याख्या पाठ करण्याची गरज नाही.

येथे एक प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्या. तिच्या तळाशी तापवलेल्या सुईने एक छिद्र पाडा, आतून त्यावर कापडाचा तुकडा बसवा आणि छिद्र बाहेरून मेणाने बंद करा. बाटलीत गळ्यापर्यंत कोरडी वाळू भरा. आता मापाने मोजून पाणी ओता, ते वाळूच्या पृष्ठभागाशी येईपर्यंत. जेवढे पाणी मावले तो वाळूतल्या छिद्रांचा एकूण आकार झाला. वाळूनुसार तो साधारण तीनशे ते चारशे मिलिलिटर भरेल. आकडा फळ्यावर लिहून ठेवा, कारण बाटलीकडे आपल्याला परत यायचे आहे.

ज्या सच्छिद्र आणि पार्य खडकात तेल साचते त्याला संचय-खडक म्हणू. इंग्रजीत त्याला ‘रिझर्व्हायर’ म्हणतात आणि धरणाच्या जलाशयालाही तोच शब्द असल्याने हौदाच्या चित्राला आणखी बळ मिळते! तेल तयार मात्र या खडकात होत नाही. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी गाळाबरोबर गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांवर लक्षावधी वर्षे उष्णता आणि दाब यांचा परिणाम होऊन ते तयार होते. ज्या बारीक कणांच्या, बहुधा शेल प्रकारच्या, खडकात ही घडामोड होते तो उगम-खडक. तेथून पिळून निघालेले तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने फटींतून वर वर सरकत जाते. वाटेत त्याला न झिरपू देणारा थर, म्हणजे झाकण-खडक, भेटला तर ते अडते, नाहीतर पृष्ठभागावर येऊन वाया जाते. झाकण नुसते आडवे असून चालत नाही. ते उलट्या वाटीसारखे वळलेले असावे किंवा खडकाच्या भ्रंशामुळे बाजूने तरी अडलेले असावे. अशा रचनेला सापळा म्हणतात, इंग्रजीत ‘ट्रॅप’.

विदर्भातल्या शिक्षकांनी येथे थोडे सावध राहावे. आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाचे नाव ‘डेक्कन ट्रॅप’ आहे आणि एका हुशार मुलीने आम्हाला विचारलेही की, मग हा सर्व दख्खन म्हणजे तेलाचा सापळाच का? दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. डेक्कन ट्रॅपमधला ‘ट्रॅप’ हा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला, म्हणून ते नाव. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडलेला हा बेसॉल्ट अग्निजन्य आहे, त्यात तेल तयार होत नाही. तरीही मुलीचा प्रश्न वाया गेला नाही. त्याकडे पुढे वळू.

‘हाय’ म्हणजे काय?

महाराष्ट्रातल्या माणसाला तेल म्हटले की मुंबई हाय आठवते. या नावातला ‘हाय’ बहुतेकांना उच्च प्रतीचा किंवा भर समुद्रातला अशा अर्थाचा वाटतो. ती भूशास्त्रातली संज्ञा आहे. आजूबाजूच्या थरांपेक्षा उंचावलेला खडकांचा भाग, तो ‘हाय’. समुद्राच्या पृष्ठभागावर तेथे उंचवटा वगैरे काही दिसत नाही. सुमारे ७५ मीटर पाणी, त्याखाली तळ आणि तळाखाली एक किलोमीटरहून अधिक खोलीवर उलट्या परातीसारखे वर उचललेले चुनखडकाचे थर. तेल आहे ते या चुनखडकात. त्यांच्याही तळाशी काय आहे? बऱ्याच भागात आपल्याकडचाच काळा बेसॉल्ट! वडनेरला जो दगड नदीच्या गाळाखाली आहे, तोच पश्चिमेकडे समुद्रात शिरून खोल गेला आणि त्यावर पुढच्या काळात शेल व चुनखडकाचे थर साचले.

हा उंचवटा पाण्यातून दिसला कसा? आवाजाने. जहाजावरून पाण्यात धक्का द्यायचा, त्याच्या लहरी तळाखालच्या निरनिराळ्या थरांवरून परावर्तित होऊन येतात, त्यांना किती वेळ लागला ते मोजायचे. विहिरीत डोकावून ओरडले की प्रतिध्वनी येतो, तेच तत्त्व. याला भूकंपीय सर्वेक्षण म्हणतात. भूकंपाशी त्याचा संबंध लहरींपुरताच. १९६० च्या दशकाच्या मध्यास ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाच्या साहाय्याने खंबातचे आखात आणि मुंबईजवळच्या समुद्राचे असे सर्वेक्षण झाले आणि नकाशावर तो उंचवटा उमटला.

लक्षात घ्या, नकाशावर सापळा दिसला, तेल दिसले नाही. सर्वेक्षणातून खडकांचा आकार कळतो. आत तेल आहे, वायू आहे की नुसते खारे पाणी आहे, हे भोक पाडल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. म्हणून या पायरीवरच्या जागेला ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणजे संभाव्य जागा एवढेच म्हणतात. तेथे पाडलेल्या पहिल्या विहिरीला अन्वेषण-विहीर म्हणतात, आणि अगदी नवख्या प्रदेशात पाडली तर तेलवाले तिला ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. काहीच लागले नाही तर ती ‘ड्राय होल’, कोरडी विहीर. ती कोरडी क्वचितच असते, तिच्यात पाणीच असते. पण ते कोणाला हवे आहे?

मुंबई हायची पहिली विहीर ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या फिरत्या मंचावरून खोदली गेली. हा मंच ‘जॅक-अप’ जातीचा होता. म्हणजे तराफ्यासारखा तरंगत जागेवर न्यायचा, मग त्याचे लांब पाय खाली सोडून समुद्रतळावर टेकवायचे आणि मंच पाण्याच्या वर उचलून घ्यायचा. ट्रकचे चाक बदलताना जॅक लावतात तसे. ३१ जानेवारी १९७४ रोजी खोदाई सुरू झाली आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तेल लागले. वर्गात दाखवण्यासाठी याचे चित्र शोधत बसू नका. एक रुपयाची नोट मिळवा. तिच्या मागच्या बाजूला जे यंत्र दिसते ते ‘सागर सम्राट’च आहे.

बोअरची गाडी आणि तेलाची रिग

खोदाईचे शब्द समजावण्यासाठी बोअरच्या गाडीसारखे दुसरे साधन नाही. मुलांनी ती रात्ररात्र जागून पाहिलेली असते. गाडीवर उभा मनोरा, त्यातून एकाला एक जोडत खाली सोडलेले पाइप, टोकाला दगड फोडणारे हत्यार. रिगमध्येही हेच असते. डेरिक म्हणजे मनोरा, ड्रिल-पाइप, आणि टोकाचे हत्यार म्हणजे ‘बिट’. बोअरच्या गाडीत दाबाची हवा भुगा वर फेकते. तेलाच्या विहिरीत हे काम चिखल करतो. मोठमोठ्या अभियंत्यांच्या तोंडी ‘मड’ हाच शब्द असतो आणि त्यावर काम करणारा ‘मड इंजिनिअर’ म्हणून पगार घेतो, हे ऐकून मुले हसतात. हा चिखल साधा नसतो. त्यात विशिष्ट माती आणि जड खनिजांची पूड कालवलेली असते. तो पाइपच्या पोकळीतून खाली जातो, बिट थंड ठेवतो, दगडाचा चुरा घेऊन बाहेरच्या बाजूने वर येतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याचे वजन खडकातल्या तेलावायूच्या दाबाला तोलून धरते. चिखल हलका पडला तर खालचा दाब सर्व काही घेऊन उसळतो. त्या अपघाताला ‘ब्लोआउट’ म्हणतात आणि तो रोखण्यासाठी विहिरीच्या तोंडावर बसवलेल्या प्रचंड झडपांना ‘ब्लोआउट प्रिव्हेंटर’. जुन्या चित्रपटांत तेलाचे कारंजे उडाले की माणसे आनंदाने नाचतात. आज तसे कारंजे उडाले तर माणसे पळतील.

बोअरला वरचा भाग ढासळू नये म्हणून केसिंग घालतात, तसेच येथेही. फरक एवढा की तेलाच्या विहिरीत केसिंग टप्प्याटप्प्याने, खाली जाताना अरुंद होत, तळापर्यंत जाते आणि त्याच्या व खडकाच्या मधल्या फटीत सिमेंट भरतात. मग ज्या थरात तेल आहे तेथे स्फोटकांच्या बारीक छऱ्यांनी केसिंगला भोके पाडतात. शेवटी तोंडावर झडपांचा जो खांब बसतो त्याला म्हणतात ‘ख्रिसमस ट्री’. फांद्यांसारख्या झडपा पाहून कोणीतरी थट्टेने दिलेले नाव पुढे कागदोपत्रीही रूढ झाले.

जाता जाता एक गोष्ट. १८५९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक याने खोदलेल्या ज्या विहिरीपासून आधुनिक तेलउद्योगाची सुरुवात मानतात, ती अवघी २१ मीटर खोल होती. आपल्या शिवारातले बोअर त्याच्या कितीतरी पट खोल जातात.

लागले, पण किती?

आता मूळ प्रश्न. विहिरीत तेल लागले. त्याला ‘डिस्कव्हरी’, म्हणजे शोध, केव्हा म्हणायचे? चुऱ्यात तेलाचा वास आला किंवा चिखलात वायूचे बुडबुडे दिसले तर ती केवळ ‘खूण’ असते, ‘शो’ असते. विहिरीत उपकरणे सोडून खडकांचे गुणधर्म नोंदवतात, त्याला ‘लॉगिंग’ म्हणतात. खडकाची सलग कांडी कापून वर काढतात, ती ‘कोअर’. मग तो थर काही काळ वाहू देऊन तेल किंवा वायू किती वेगाने येतो ते पाहतात, ही प्रवाह-चाचणी. ती पार पडली तर शोध लागला असे म्हणता येते. बोअरला पाणी लागल्यावर शेतकरी मोटर लावून तासभर उपसा करून पाहतो आणि मगच “दोन इंची पाणी आहे” असे सांगतो, ते उगाच नाही.

पण शोध लागला तरी एका विहिरीवरून क्षेत्र केवढे ते कळत नाही. म्हणून आजूबाजूला आणखी विहिरी पाडतात. त्या मूल्यांकन-विहिरी. त्यांवरून सापळ्याचा आकार, थराची जाडी, सच्छिद्रता आणि छिद्रांतले तेल-पाण्याचे प्रमाण यांचा गुणाकार करून जो आकडा येतो, तो खडकातल्या एकूण तेलाचा. त्याला ‘ऑइल इन प्लेस’, म्हणजे जागच्या जागी असलेले तेल, म्हणतात. वर्तमानपत्रातला ‘प्रचंड साठा’ बहुधा हाच असतो, किंवा त्याच्याही आधीचा निव्वळ अंदाज.

बाटलीकडे परत चला. छिद्रावरचे मेण काढा आणि खाली मोजपात्र ठेवा. पाणी आधी धारेने येईल, मग थेंबाथेंबाने, मग थांबेल. जेवढे ओतले तेवढे परत येणार नाही. वाळू बारीक असेल तर फारच कमी येईल. फळ्यावरच्या आकड्याने त्याला भागा. हे गुणोत्तर म्हणजे ‘रिकव्हरी फॅक्टर’, प्राप्ती-गुणांक. जगभरच्या तेलक्षेत्रांत तो सरासरीने एक-तृतीयांशाच्या आसपास आहे. म्हणजे सापडलेल्या तेलातले साधारण दोन-तृतीयांश खडकातच चिकटून राहते.

अजून आपण ‘रिझर्व्ह’ या शब्दापर्यंत आलेलो नाही. आमच्या मते मराठीत ‘साठा’ हा शब्द याच एका अर्थासाठी राखून ठेवावा. जे तेल सापडलेले आहे, जे काढता येण्यासारखे आहे, जे आजच्या तंत्राने व आजच्या भावात काढणे परवडते, आणि जे अजून काढलेले नाही, ते रिझर्व्ह. या चारांपैकी एकही अट मोडली तर ते रिझर्व्ह नाही. सापडले आहे पण काढणे सध्या परवडत नाही, किंवा वाहून नेण्याची सोय नाही, अशा तेलाला ‘कंटिंजंट रिसोर्स’, म्हणजे अटींवर अवलंबून असलेली संपत्ती म्हणतात. आणि जे सापडलेलेच नाही, केवळ असावे असा तर्क आहे, ते ‘प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्स’, संभाव्य संपत्ती.

हा फरक पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावणे अवघड जाते. नांदुरा तालुक्यात ते एका वाक्यात होते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. खाली पाणी आहे, पण ते खारे. पिण्यास चालत नाही, ओलितास दिले तर जमीन बिघडते. भूजल-शास्त्रज्ञाने सांगितले की तुमच्या गावाखाली इतके लक्ष घनमीटर पाणी आहे, तर गावकरी म्हणतील, “हो, आहे ना. पण ते आमच्या काय कामाचं?” पाणी आहे आणि पाणी नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात. उद्या खारे पाणी स्वस्तात गोडे करणारे यंत्र निघाले तर जमिनीखाली एक थेंबही न वाढता गावाचा ‘साठा’ एका दिवसात वाढेल. तेलाचा भाव वाढला किंवा नवे तंत्र आले की रिझर्व्ह वाढतात, ते असे. भाव कोसळला की ते घटतात, खडकात तेल तेवढेच असताना.

रिझर्व्हमध्येही पुन्हा खात्रीच्या तीन पायऱ्या आहेत. निदान एवढे तरी निघेलच अशी ९० टक्के शक्यता असलेला आकडा तो ‘प्रूव्हड’ म्हणजे सिद्ध. त्यात ‘प्रॉबेबल’ मिळवले की ५० टक्के शक्यतेचा आकडा मिळतो आणि ‘पॉसिबल’ही मिळवले की १० टक्क्यांचा. कापसाचा शेतकरी हेच करतो. “सहा क्विंटल तर कुठे गेले नाहीत, आठ येतील, आणि देवाने साथ दिली तर अकरा.” बँकेत तो पहिला आकडा सांगतो, घरी दुसरा आणि मुलाच्या सोयरिकीच्या बैठकीत तिसरा! कंपन्या आणि सरकारेही माणसांचीच बनलेली असतात. जून २००५ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रात गुजरात राज्याच्या पेट्रोलियम कंपनीला २० ट्रिलियन घनफूट वायू सापडल्याची घोषणा झाली होती. पुढे मंजूर झालेल्या विकास-आराखड्यात हा अंदाज त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शावर आला. खडकातून वायू कोणी पळवला नव्हता. पहिला आकडा कोणत्या पायरीवरचा आहे ते फारसे कोणी विचारले नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. भारतात गाळाच्या खडकांची २६ खोरी मानली जातात आणि त्यांची तीन गटांत विभागणी आहे. जेथे रिझर्व्ह आहेत व उत्पादन चालू आहे ती पहिल्या गटात. त्यात मुंबईजवळचा समुद्र, खंबात, आसाम, राजस्थान वगैरे येतात. जेथे सापडले आहे पण अजून व्यापारी उत्पादन नाही ती दुसऱ्या गटात. जेथे केवळ संभाव्य संपत्ती मानली जाते ती तिसऱ्या गटात. या तिसऱ्या गटात ‘डेक्कन सिनेक्लाइझ’ नावाचे एक विस्तीर्ण खोरे आहे. सिनेक्लाइझ म्हणजे खडकांचा अतिविस्तीर्ण, उथळ खोलगट भाग. विदर्भ-खानदेशाचा बेसॉल्टखालचा मुलूख यात मोडतो. लाव्हा पसरण्यापूर्वी येथे काही भागांत समुद्र आणि नद्यांचा गाळ साचलेला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात नर्मदा-तापीच्या पट्ट्यात खोल भूकंपीय मापन केले, त्यातून काही ठिकाणी बेसॉल्टखाली असे जुने गाळाचे थर दडलेले असल्याचे अनुमान निघाले. पण लाव्ह्याचे एकावर एक थर आवाजाच्या लहरी विखरून टाकतात, त्यामुळे खालचे चित्र धूसर येते. गाळाचे थर असणे आणि त्यांत तेल असणे यांत उगम, संचय, झाकण आणि सापळा अशा चार पायऱ्या आहेत, हे आपण पाहिलेच. तेव्हा उद्या कोणी “आपल्या जिल्ह्याखाली तेल आहे” असे म्हटले तर विद्यार्थ्याने विचारावे, कोणत्या गटातले?

वर येणारे तेल, खाली जाणारे पाणी

मुंबई हायमधून २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. शोधानंतर सव्वादोन वर्षांत, तेही समुद्रात, हा वेग आजही थक्क करणारा आहे. नवे क्षेत्र आपल्याच दाबाने तेल वर ढकलते. सोड्याची बाटली उघडल्यावर जसे होते तसे, कारण तेलात वायू विरघळलेला असतो. तेलाबरोबर वर येणाऱ्या या वायूला सहचारी वायू म्हणतात. १९७६ मध्येच सापडलेल्या वसई क्षेत्रातला वायू मात्र प्रामुख्याने स्वतंत्र आहे. समुद्रातून आलेल्या वायूवर उरणला जी प्रक्रिया होते, तीत स्वयंपाकाचा गॅसही वेगळा काढला जातो.

दाब ओसरला की दुसरा टप्पा सुरू होतो. खडकात पाणी सोडून दाब टिकवायचा आणि तेल विहिरीकडे लोटायचे. मुंबई हायमध्ये १९८० च्या दशकापासून समुद्राचेच पाणी शुद्ध करून आत सोडले जाते. कालांतराने ते पाणीही तेलाबरोबर वर येऊ लागते. वर येणाऱ्या द्रवात पाण्याचे प्रमाण किती, ते ‘वॉटर कट’. जुन्या क्षेत्रांत ते तेलापेक्षा जास्त असणे नवलाचे नाही. तिसऱ्या टप्प्यात वाफ, रसायने किंवा कार्बन डायऑक्साइड वापरून चिकटलेले तेल सोडवतात.

१९८० च्या दशकात ऐन भरात असताना मुंबई हाय रोज चार लाखांहून अधिक बॅरल तेल देत होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते सुमारे १ लाख ३४ हजार बॅरलवर होते. जानेवारी २०२५ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या ‘बीपी’ कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी निवडले. तेथे नवा शोध लागलेला नाही. पन्नास वर्षांपूर्वी सापडलेल्या खडकातले, आजवर न सुटलेले तेल सोडवायचे आहे. बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर, आणि एका टनात साधारण सव्वासात बॅरल. आपल्याकडे वार्षिक आकडे टनांत आणि भाव बॅरलमध्ये देतात, म्हणून हा गुणाकार मुलांना येत असलेला बरा.

एक शब्द आम्हाला २००५ साली शिकावा लागला. समुद्रतळावरच्या नळातून तेल-वायू उभ्या पाइपाने मंचावर चढतो, त्या पाइपाला ‘रायझर’ म्हणतात. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतल्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, एका जखमी कामगाराला मंचावर हलवण्यासाठी जवळ आलेले ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय उत्तरच्या मंचावर आदळले आणि रायझर फुटला. वायू पेटला. दोन तासांत सारा मंच जळून गेला आणि २२ माणसे गेली. पारिभाषिक शब्दांच्या यादीत तो एक साधा शब्द आहे. मुलांना सांगताना आम्ही तो तेवढ्यावर सोडत नाही.

आमच्या शाळकरी वयात ‘पृथ्वीवरचे तेल तीस वर्षांत संपणार’ असे सर्रास सांगितले जाई. तीस वर्षे उलटून गेली. सांगणारे खोटे बोलत नव्हते. त्यांनी सिद्ध रिझर्व्हला वर्षाच्या उत्पादनाने भागले होते. तो भागाकार आजच्या हिशेबवहीचा असतो, आणि या वहीत दरवर्षी नवे शोध, नवे तंत्र आणि नवे भाव यांमुळे भर पडते. म्हणून तेल अमर्याद आहे असे मात्र मुळीच नाही. आपल्या देशापुरते पाहिले तर नवी भर पडूनही आपण वापरतो त्यातले ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. वडनेरच्या त्या मुलाला आम्ही शेवटी हेच सांगितले. अंदमानच्या विहिरीत वायू आढळला आहे. अजून किती, ते ठरायचे आहे. त्यातला किती निघेल, ते त्यानंतर. परवडेल का, ते त्याच्याही नंतर. डिझेलच्या भावाचा प्रश्न या तीन पायऱ्यांच्या पलीकडे उभा आहे.

“मंग सर, पेपरात तसं का नाही लिहित?” तो म्हणाला. आम्ही त्याला फळ्यावरचा हौद पुसून त्या जागी वाळूची बाटली काढायला सांगितली. तळाशी टपकणारे थेंब त्याने आठवणीने काढले, आणि वाळूत अडकलेले पाणी दाखवायला निळा खडू मागून घेतला.